उद्याची पाळी आज रात्री कळते तेव्हा

रात्रीचे पावणेदहा वाजलेले असतात. डिचोलीतील एखाद्या घरात जेवणे आटोपलेली, मुलीचे दप्तर भरून ठेवलेले. आणि फोनवर संदेश येतो : 'उद्या जनरल नाही, मॉर्निंग. सहाला रिपोर्ट करणे.' पाठवणारा कळंगुटच्या हॉटेलातील सुपरवायझर. त्याच्या लेखी ही एका ओळीची सूचना. घरात मात्र त्या ओळीने पाच-सहा गोष्टी जागच्या हलतात. पहाटे साडेचारला उठायचे. सहाच्या आत कळंगुटला पोचवील अशी बस मिळायची नाही, म्हणजे दुचाकी काढायची. दुचाकी तिने नेली तर नवऱ्याने कुंडईच्या कारखान्यात जायचे कसे? मुलीला बालरथापर्यंत सोडायला सासूबाई. आणि त्याच सासूबाईंची उद्या म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात तपासणी, ती पुन्हा पुढे ढकलायची. एवढे सगळे मनात जुळवून होईपर्यंत साडेदहा वाजतात आणि झोपेचे सहा तास उरतात.

गोव्यात या चित्रात अतिशयोक्ती नाही. हॉटेले, कॅसिनो, औषधनिर्मितीचे कारखाने, खासगी इस्पितळे, सुरक्षा रक्षक पुरवणाऱ्या एजन्सी, मॉलमधील दुकाने : राज्यातील नोकऱ्यांचा मोठा भाग आज घड्याळाच्या नव्हे, रोस्टरच्या तालावर चालतो. त्यात 'साहेब ऐकूनच घेत नाहीत' ही तक्रार पगाराच्या तक्रारीइतकीच सार्वत्रिक आहे. पगार निदान महिन्यातून एकदा दुखावतो. ऐनवेळी बदललेली पाळी आठवड्यातून तीनदा.

या तक्रारीला दिले जाणारे ठरलेले उत्तर असे : 'हा धंदाच असा आहे. पाहुणे सांगून येत नाहीत.' हे उत्तर कितपत खरे, ते तपासण्यापासून सुरुवात करावी लागेल, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे.

अचानक म्हणजे किती अचानक?

मोठ्या हॉटेलात आठवड्याचे रोस्टर विभागप्रमुख तयार करतो. त्यासाठी आरक्षण विभागाकडून येत्या आठवड्या-दहा दिवसांत किती खोल्या भरतील याचा अंदाज येतो. लग्न, परिषद, कंपनीची मेजवानी असली तर पाहुण्यांची संख्या, जेवणाची वेळ, मांडणी असा सारा तपशील नोंदवलेला 'फंक्शन प्रॉस्पेक्टस' बँक्वेट विभागाकडून स्वयंपाकघर, हाऊसकीपिंग आणि सेवा विभागांना जातो. आता कोणते लग्न आदल्या रात्री ठरते? सभागृहाची आगाऊ रक्कम कैक महिन्यांपूर्वी भरलेली असते. चार्टर विमानांचे हंगामी वेळापत्रक आधीच ठरते. नाताळ आणि ३१ डिसेंबर दरवर्षी त्याच तारखांना येतात.

खरोखरीचे अचानक प्रसंग असतातच. पाळीवरचा माणूस तापाने पडतो, विमान चार तास उशिरा येते, पावसात झाड पडून रस्ता बंद होतो, यंत्र बिघडते. अशा वेळी रात्री फोन आला तर त्याला कुणी अन्याय म्हणत नाही. पण महिनाभराचे बदल कागदावर मांडून पाहिले तर त्यांतले कितीतरी बदल वेगळ्या जातीचे निघतात : माहिती वरच्या कार्यालयात सोमवारी आलेली होती, ती विभागप्रमुखाला बुधवारी कळली, त्याने शुक्रवारी सुपरवायझरला सांगितली आणि कामगाराला ती शनिवारी रात्री समजली. कळणे आणि कळवणे यांतले हे अंतर. त्याला धंद्याचा स्वभाव म्हणता येत नाही, तो व्यवस्थेतील ढिलेपणा आहे.

यावर अमेरिकेत झालेला एक प्रयोग मुद्दाम सांगण्याजोगा आहे. 'गॅप' या कपड्यांच्या दुकानांच्या साखळीने आपल्या सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो भागांतील २८ दुकाने विद्यापीठीय संशोधकांच्या हाती दिली. त्यांपैकी काही दुकानांत कर्मचाऱ्यांच्या पाळ्या स्थिर करण्याचे उपाय योजले गेले : सुरू होण्याच्या-संपण्याच्या वेळा शक्यतो त्याच ठेवणे, पाळ्यांची आपसांत अदलाबदल करण्याची सोय, गर्दीच्या वेळी थोडे जादा मनुष्यबळ. उरलेली दुकाने तुलनेसाठी. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्रयोगातील दुकानांची विक्री सुमारे ७ टक्क्यांनी आणि श्रमाची उत्पादकता सुमारे ५ टक्क्यांनी वाढली. त्याहून बोलकी गोष्ट अशी की, पाळ्यांतील अस्थिरतेचे खापर ग्राहकांच्या लहरीवर फोडता आले नाही. माल कधी आणि किती येणार याची चुकीची माहिती, विक्री-योजनांत मुख्य कार्यालयाने आयत्या वेळी केलेले फेरफार, वरिष्ठांच्या भेटी ही कारणे मोठी निघाली. म्हणजे गोंधळ दुकानाच्या दारातून येत नव्हता, वरून येत होता.

कपड्यांचे दुकान आणि समुद्रकिनाऱ्यावरचे हॉटेल एक नव्हे, हे उघड आहे. पण 'पाहुणे सांगून येत नाहीत' या उत्तरावर निदान एक साधा उलटप्रश्न विचारण्याचा हक्क या प्रयोगाने दिला : हा बदल वरती कुणाला केव्हा कळला होता?

फलकावरचा शब्द

कामाच्या वेळा कामगाराला आधी, लेखी आणि सर्वांना दिसतील अशा कळवाव्यात, ही कल्पना आजची नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा पहिलाच करार, १९१९ चा, कारखान्यांतील कामाच्या तासांविषयी आहे. त्याच्या आठव्या कलमात म्हटले आहे की, काम केव्हा सुरू होते आणि केव्हा संपते, पाळ्या असतील तर प्रत्येक पाळी केव्हा सुरू होते आणि केव्हा संपते, हे मालकाने ठळक जागी फलक लावून जाहीर करावे. आणि एकदा जाहीर केलेल्या वेळा सरकारने मान्य केलेली पूर्वसूचना व पद्धत यांवाचून बदलू नयेत. भारताने या करारावर १९२१ मध्ये मान्यतेची मोहोर उमटवली. आठ तासांच्या दिवसाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. त्याच करारातील फलकाची गोष्ट सहसा कुणी सांगत नाही.

१९४८ च्या कारखाने अधिनियमात ही कल्पना अधिक नेमकी झाली. कामाच्या वेळांची सूचना कारखान्यात लावलीच पाहिजे आणि तिच्याशी विसंगत वेळी कामगाराला कामाला लावता येणार नाही, असे त्यात आहे. सूचना बदलावी लागेल असा पद्धतीतील बदल करायचा तर तो आधी निरीक्षकाला कळवायचा, आणि त्याच्या पूर्वसंमतीविना मागच्या बदलाला एक आठवडा लोटल्याखेरीज नवा बदल करायचा नाही. साप्ताहिक सुट्टीचेही तसेच. रविवारची सुट्टी हलवायची तर तिच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत पूर्ण दिवस द्यायचा, तशी सूचना आधी लावायची. आणि कोणत्याही परिस्थितीत पूर्ण दिवसाच्या सुट्टीविना सलग दहा दिवसांहून अधिक काम घ्यायचे नाही. वेर्णे, कुंडई, मडकई, पिळर्ण येथील वसाहतींत काम करणाऱ्या कितीजणांनी आपल्या कारखान्यातील तो फलक थांबून वाचला असेल, हा प्रश्नच आहे. तो बहुधा टाइम ऑफिसजवळ, अग्निशमनाच्या सूचनांशेजारी, काचेआड असतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. कारखाने अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० या संहितेने घेतली आणि औद्योगिक विवाद कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने. संक्रमणाच्या काळात जुन्या कायद्यांच्या संबंधित तरतुदी व नियम चालू राहतील, असे केंद्र सरकारने त्याच वेळी स्पष्ट केले. नव्या संहितेने वेळांच्या फलकाची अट सोडलेली नाही. उलट दहा किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना ती लागू असल्यामुळे हॉटेलेही तिच्या कक्षेत येतात. आणखी दोन गोष्टी कामगारांच्या दृष्टीने मोलाच्या आहेत. एक, नियुक्तिपत्र देणे मालकाला बंधनकारक झाले. दुसरी, ओव्हरटाइम घेण्यासाठी कामगाराची संमती आवश्यक ठरली, आणि त्याचा मोबदला पूर्वीप्रमाणेच दुप्पट दराने आहे. स्त्रियांना संध्याकाळी सातनंतर किंवा सकाळी सहापूर्वी कामावर बोलवायचे तर त्यांची संमती आणि सुरक्षिततेच्या अटींची पूर्तता, दोन्ही हवीत. वर वर्णिलेल्या डिचोलीच्या बाईंना सहाला 'रिपोर्ट' करायला सांगितले होते. पाच वाजता सांगितले असते तर प्रश्न निव्वळ गैरसोयीचा उरला नसता.

आता एकवीस दिवसांच्या नोटिशीविषयी, कारण कामगारांमध्ये तिच्याबद्दल अर्धवट माहिती फार फिरते. सेवाशर्तींत बदल करण्यापूर्वी मालकाने एकवीस दिवसांची नोटीस द्यावी, ही तरतूद जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ मध्ये होती आणि नव्या संहितेच्या कलम ४० मध्ये ती कायम आहे. कोणते बदल, याची यादी परिशिष्टात दिली आहे. कामाचे तास व विश्रांतीच्या वेळा तिच्यात येतात, आणि स्थायी आदेशांना सोडून पाळीपद्धत सुरू करणे, बदलणे किंवा बंद करणे हेही येते. म्हणजे दोन पाळ्यांत चालणारा विभाग तीन पाळ्यांत नेला, कायम सकाळच्या विभागाला रात्रपाळी लावली, तर नोटीस हवी. मात्र तीन पाळ्यांची पद्धत मुळातच आहे आणि त्यात उद्या तुम्हाला दुसरीऐवजी पहिलीत टाकले, एवढ्याने ही तरतूद सहसा जागी होत नाही. नव्या संहितेत एक पळवाटही आहे : तातडीच्या परिस्थितीत तक्रार निवारण समितीशी विचारविनिमय करून पाळी बदलली तर नोटीस लागत नाही. या अपवादाची दुसरी बाजू अशी की, समितीच नसेल किंवा तिला विचारलेच नसेल, तर मालकाला या पळवाटेने जाता येत नाही.

तेव्हा स्पष्टच सांगितले पाहिजे. एका कर्मचाऱ्याचे रोस्टर अमुक दिवस आधी हाती पडलेच पाहिजे, असा आकडा आपल्याकडील या कायद्यांत नाही. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने तो २०१७ च्या कायद्याने घातला : किरकोळ विक्री, हॉटेल आणि खाद्यसेवा या क्षेत्रांतील ५०० वा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांनी, २०२० पासून, चौदा दिवस आधी वेळापत्रक द्यायचे; नंतर बदल केला तर जादा मोबदला द्यायचा; दोन पाळ्यांत दहा तासांची विश्रांती राखायची. ब्रिटनच्या २०२५ च्या रोजगार हक्क कायद्यात पाळीची वाजवी पूर्वसूचना आणि आयत्या वेळी रद्द केलेल्या पाळीची भरपाई या तरतुदी आहेत. त्या टप्प्याटप्प्याने अमलात यायच्या आहेत. स्विंडनच्या गोदामांत पाळ्या करणाऱ्या गोमंतकीयांची घरे आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत, त्यामुळे हा कायदा म्हणजे काही परक्या देशाची बातमी नव्हे. भाऊ तिकडे आणि बहीण इकडे एकाच प्रकारचे काम करीत असतील, तर भावाला मिळणारी हमी बहिणीच्या हॉटेलात का नाही, हा प्रश्न आज ना उद्या घरच्या व्हिडिओ कॉलवर निघणारच.

साहेबांशी बोलताना

न ऐकणारा वरिष्ठ हा शब्दप्रयोग सोपा आहे, पण त्याखाली तीन वेगवेगळी माणसे दडलेली असतात आणि तिघांशी एकाच भाषेत बोलून भागत नाही.

पहिल्याच्या हातात काहीच नसते. पाळी बदलण्याचा निर्णय वरून आलेला, मंजूर जागांपैकी दोन रिकाम्या, आणि वर सांगितले जाते की याच माणसांत भागवा. त्याची अवस्था अडकित्त्यातील सुपारीसारखी असते, आणि तोंडावर 'शक्य नाही' एवढेच येते. दुसरा अधिकार असूनही नकार देतो, कारण एकाला सवलत दिली की उद्या दहाजण दारात उभे राहतील ही त्याची भीती. तिसरा रोस्टरच दंडुक्यासारखा वापरतो. ज्याने प्रश्न विचारला त्याला सलग रात्रपाळ्या, ज्याने ओव्हरटाइमचा हिशेब मागितला त्याचा ऑफ दर आठवड्याला हललेला. पहिल्या दोघांशी बोलून मार्ग निघू शकतो. तिसऱ्याशी निघत नाही, आणि त्याच्यापुढे गोड बोलत राहण्यात वर्षे वाया जातात.

समोरचा कोणता, हे अंदाजाने ठरवू नये. एक साधी वही करावी. सूचना कोणत्या दिवशी, किती वाजता आली. ठरलेली पाळी कोणती होती, बदललेली कोणती. कारण काय सांगितले. प्रत्यक्षात आत केव्हा गेलो, बाहेर केव्हा पडलो. पंचिंग यंत्रातील नोंद कंपनीकडे असते, ही आपल्याकडे. फोनवरचे संदेश राहतीलच या भरवशावर राहू नये. फोन बदलतो, पाठवणारा संदेश पुसतो. दोन महिन्यांच्या वहीत चित्र आपोआप उमटते. बदल सगळ्यांचे होतात की दोघा-तिघांचेच? सोहळ्याच्या आठवड्यातच होतात की एरवीही? ज्या दिवशी 'माणूस आजारी' असे सांगितले त्या दिवशी तो खरोखर गैरहजर होता का? वही पाहून कधी कधी आपलेच मत बदलते. साहेब आपल्या मागे लागले आहेत असे वाटत असते आणि वहीत दिसते की बाजूच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचे हाल आपल्याहून अधिक आहेत.

मग बोलणे. व्हॉट्सअॅप ग्रुपवर सर्वांसमोर वाद घालणे हा मार्ग हमखास फसतो, कारण तिथे साहेबांना माघार घेता येत नाही. पाळी बदलल्याच्या रात्री, राग डोक्यात असताना पाठवलेला संदेशही तसाच. शांत दिवशी, पाळी संपल्यावर, पाच मिनिटे मागून घ्यावीत आणि जे बोलणे झाले ते त्याच दिवशी लिहून पाठवावे. मागणी अशी असावी की तिला 'हो' म्हणणे सोपे जाईल. 'सारखे बदल करू नका' या वाक्याला साहेबांकडे उत्तर नसते. पुढील मजकुराला असते :

'सर, गेल्या दोन महिन्यांत माझी पाळी अकरा वेळा आदल्या रात्री बदलली. कामाला माझी ना नाही, आणि अडचणीच्या वेळी मी आलेही आहे. विनंती एवढीच की, सोमवारपासूनचे रोस्टर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मिळावे. त्यानंतर बदल करावा लागलाच तर मला फोन करावा. मंगळवारी आणि गुरुवारी घरी वयस्क माणसाला इस्पितळात न्यावे लागते, ते दोन दिवस सकाळची पाळी नको. त्याऐवजी रविवारची सकाळ मी घेऊ शकते. हाऊसकीपिंगमधील सहकाऱ्यांशी बोलले आहे, दोघी अदलाबदलीस तयार आहेत.'

यात तक्रार एक वाक्याची आहे आणि देऊ केलेल्या गोष्टी तीन आहेत. 'सारखे' या शब्दाऐवजी आकडा आहे. कायद्याचा उल्लेख नाही, तो पहिल्या संदेशात असूही नये. पहिल्याच पत्रात कलम लिहिले की पुढचे बोलणे साहेबांऐवजी एचआर विभागाशी होते. आणि साहेबांची खरी अडचण, म्हणजे जागी माणूस कोण, ती आधीच सोडवून दिली आहे. एकट्याने पाठवण्याऐवजी विभागातील चौघींनी मिळून पाठवला तर 'एकाला दिले की सगळ्यांना द्यावे लागेल' ही भीतीच उरत नाही, कारण मागणारे सगळेच आहेत.

गोव्याला अदलाबदलीची कला शिकवायला नको. चतुर्थीच्या दिवसांत ख्रिस्ती सहकाऱ्यांनी पाळ्या उचलायच्या आणि नाताळात हिंदू सहकाऱ्यांनी त्या परत फेडायच्या, हा व्यवहार इथे कोणत्याही ॲपशिवाय चालत आला आहे. शिरगावच्या जत्रेआधी व्रत पाळणाऱ्या धोंडांसाठी, गावच्या फेस्तासाठी, उत्सवातील नाटकाच्या तालमींसाठीही तसेच. (तालमींचे हाल मात्र पाहवत नाहीत. नायकाला रात्रपाळी लागली म्हणून दुसरा अंक तीन आठवडे त्याच्याविना बसवल्याच्या कथा अनेक गावांत ऐकायला मिळतील.) या आपसांतल्या समजुतीत एकच कच्चा दुवा आहे. ती तोंडी असते. अदलाबदल झाली आणि दुसरा आला नाही, तर गैरहजेरी कागदावर ज्याचे नाव आहे त्याच्या माथी बसते. म्हणून साहेबांना दोघांनी मिळून दोन ओळींचा संदेश करावा आणि त्यांच्या 'ओके'ची वाट पाहावी.

एक गोष्ट करू नये. बदललेली पाळी अमान्य म्हणून घरी बसू नये. कायदेशीर आणि वाजवी आदेश जाणूनबुजून मोडणे आणि वारंवार गैरहजर राहणे ही दोन्ही स्थायी आदेशांत गैरवर्तनाची उदाहरणे म्हणून नोंदवलेली आहेत. आदेश 'वाजवी' नव्हता हे पुढे सिद्ध करता येईलही, पण तोवर चौकशीची नोटीस आपल्या नावावर आणि पगार अडकलेला. तब्येत, गरोदरपण, रात्री एकटीने करावा लागणारा प्रवास अशी खरी अडचण असेल तर ती त्याच क्षणी लिहून कळवावी. एरवी कामावर जाऊन, नाराजी लेखी नोंदवून, मग पुढचे पाऊल उचलणे स्वस्त पडते. ओव्हरटाइमचे वेगळे. पाळी संपल्यावर 'डबल कर' असे सांगितले, तर संमती देणे न देणे कामगाराच्या हाती आहे.

बोलून झाल्यावर

वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती हवी. तिच्यात मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समान संख्येने असतात. तक्रारीचे कारण घडल्यापासून एक वर्षाच्या आत तिच्याकडे अर्ज करता येतो, समितीने तीस दिवसांत काम पूर्ण करावे अशी अपेक्षा आहे, आणि निर्णय न पटल्यास कामगाराला साठ दिवसांत समेट अधिकाऱ्याकडे जाता येते. आपल्या हॉटेलात अशी समिती आहे का, असा नुसता प्रश्न एचआर विभागाला लेखी विचारला, तरी कधी कधी रोस्टर शुक्रवारी मिळू लागते. तिसऱ्या प्रकारच्या साहेबांना तेवढी भाषा समजते.

समेटाचे काम राज्याच्या कामगार आयुक्तालयाकडे असते. त्याचे कार्यालय पणजीत पाटो येथील श्रमशक्ती भवनात आहे. कारखान्यातील फलक, साप्ताहिक सुट्टी, जादा तास यांविषयीची तक्रार पणजीच्याच आल्तिनोवरील कारखाने व बाष्पक निरीक्षणालयाकडे जाते. तिथे जाताना वही, नियुक्तिपत्र, वेतनचिठ्ठ्या आणि संदेशांच्या छापील प्रती बरोबर असाव्यात. तोंडी हकिगत कितीही करुण असली तरी अधिकाऱ्याला तारखा लागतात.

या संरक्षणाच्या कडेला दोन वर्ग उभे आहेत. एक सुपरवायझरांचा. मासिक १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेऊन देखरेखीचे काम करणारा संहितेच्या व्याख्येनुसार 'कामगार' ठरत नाही, त्यामुळे रात्री पावणेदहाला संदेश पाठवणारा तो माणूस स्वतःची पाळी बदलल्याची तक्रार या समितीकडे नेऊ शकत नाही. मात्र नुसत्या पदनामाने कुणी देखरेख करणारा होत नाही. खोल्या झाडणाऱ्याला 'एक्झिक्युटिव्ह' म्हटले म्हणून तो कामगाराचा कामगारच राहतो, प्रत्यक्ष काम पाहिले जाते. दुसरा वर्ग एजन्सीमार्फत आलेल्यांचा. त्यांचे रोस्टर हॉटेल ठरवते आणि वेतनचिठ्ठी कंत्राटदार देतो. हॉटेल म्हणते एजन्सीला विचारा, एजन्सी म्हणते हॉटेलला. अशांनी प्रत्येक लेखी विनंती दोघांनाही एकाच वेळी पाठवावी, म्हणजे 'आम्हाला कळलेच नाही' असे म्हणण्याची सोय दोघांपैकी कुणालाच राहत नाही.

जवळची तारीख चतुर्थीची असते. रजांची यादी विभागप्रमुखाच्या टेबलावर तयार होऊ लागली की मागाहून आलेल्या अर्जांना जागा उरत नाही, आणि उरलेल्या पाळ्या कुणाच्या वाट्याला आल्या हे आदल्या रात्री फोनवर कळते. अर्ज जुलैतच द्यावा, दोन प्रतींत. आपल्याजवळच्या प्रतीवर तारीख घालून साहेबांची सही घ्यावी आणि पाळी कोण उचलणार त्या सहकाऱ्याचे नाव अर्जातच लिहावे.